मध्येच उठावं लागणाऱ्यांची गोधडी

गोधडी वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिली की दोष वेळेच्या माथी मारला जातो. पण नोकरी, घर, मुलं, आजारपणं सांभाळून गोधड्या पूर्ण करणारी माणसं असतात, आणि त्यांच्याही दिवसाला तास तेवढेच असतात. फरक पडतो तो काम कुठे थांबवलं यात. भलत्याच जागी सोडलेलं काम पुन्हा हातात घेतलं की पहिला अर्धा तास हे तुकडे कुठले, माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) किती धरली होती, शिवण इस्त्रीने कुठल्या बाजूला दाबली होती हे शोधण्यात जातो. त्या दिवशी अर्धाच तास मोकळा असेल तर तो तिथेच संपला. दोन-तीनदा असं झालं की पिशवी कपाटाच्या वरच्या खणात जाते. म्हणून नवी गोधडी ठरवताना मी सगळ्यात आधी एवढंच बघते की हे काम कुठल्याही क्षणी ठेवून उठता येईल का. नक्षी, रंग हे सगळं त्याच्यानंतर.

सरळ शिवणींचे ब्लॉक (ज्या चौकोनांची गोधडी जोडली जाते ते) खोळंबा सोसतात, उरेब (विणीला तिरक्या) कडांचे सोसत नाहीत. कापलेल्या त्रिकोणाची लांब कड उरेब असते आणि ती नुसती हाताळली तरी ताणली जाते. पिशवीत दोन महिने राहिलेले त्रिकोण बाहेर काढले की कडा लाटेसारख्या झालेल्या असतात आणि मग ब्लॉक कितीही जपून शिवला तरी सपाट बसत नाही. यावर उपाय सोपा आहे: त्रिकोण आधी कापूच नयेत. दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे, वरच्यावर कर्ण आखायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवायचं आणि तिथेच थांबायचं. कर्णावरचा काप बसण्याची खात्री असेल त्याच दिवशी मारावा. तोपर्यंत तो चौकोनच असतो, कितीही दिवस पडून राहिला तरी बिघडत नाही. शिवून झाल्यावर ३ इंचांचा भाग हवा असेल तर हिशोबाने चौकोन ३ पूर्णांक ७/८ इंचांचे लागतात. मी सरळ ४ इंचांचे कापावेत असं सांगेन. इस्त्रीनंतर ते मायेसकट साडेतीन इंचांवर छाटता येतात, आणि छाटणीचं काम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत छान होतं.

लॉग केबिन ही माझी सगळ्यात आवडती नक्षी, आणि त्याचं कारण हेच. मधला चौकोन, त्याच्याभोवती एकेक पट्टी. प्रत्येक पट्टीनंतर थांबता येतं, आणि पुढची पट्टी कुठे लागणार हे ब्लॉककडे बघितलं की कळतं. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायका याच कुळातली ‘हाउसटॉप’ नक्षी शेतातलं काम आणि घर सांभाळून पिढ्यान् पिढ्या शिवत आल्या, बऱ्याचदा कामाच्या जुन्या कपड्यांतून. मधून सुरुवात, बाहेर वाढत जायचं, कापड असेल तेवढंच. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर लागल्या तेव्हा जगाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. त्यांची रेखाटणी, रंगांची उडी यावर खूप बोललं जातं. मला त्यातली कामाची बांधणीही तितकीच थोर वाटते.

टोकदार, बारीक नक्षीच हवी असेल तर कागदावर शिवण्याची पद्धत घ्या. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक कागदावरच छापलेला असतो, त्यामुळे कुठवर आलो ते लक्षात ठेवावं लागत नाही, आणि ब्लॉक एकमेकांना जोडेपर्यंत कागद काढला नाही तर उरेब कडाही ताणत नाहीत. टाका दीड मिलिमीटरचा आणि सुई ९०/१४ क्रमांकाची, जाडसर ठेवा. टाका लांब राहिला तर पुढे कागद ओढून काढताना शिवण उसवते.

आता एक पूर्ण हिशोब करू, म्हणजे कामाचे तुकडे कसे पडतात ते दिसेल. ६० बाय ७२ इंचांची गोधडी, १२ इंचांचे नाइन-पॅच (तीन बाय तीन चौकोनांचे) ब्लॉक, आडवे ५ आणि उभे ६, म्हणजे ३० ब्लॉक. प्रत्येकात मायेसकट साडेचार इंचांचे ९ चौकोन. सुटे कापले तर २७० चौकोन होतात आणि नुसत्या छोट्या शिवणी १८०. घरात वर्दळ असताना २७० सुटे चौकोन सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसतं. त्याऐवजी साडेचार इंच रुंदीच्या पूर्ण पन्ह्याच्या पट्ट्या कापाव्यात. पन्हा (कापडाची रुंदी) वापरण्याजोगा ४२ इंच धरा. गडद-फिका-गडद असे ७ संच आणि फिका-गडद-फिका असे ४ संच शिवायचे. एकूण ११ संच, २२ लांब शिवणी. गडद कापडाच्या १८ पट्ट्या लागतात, फिक्याच्या १५. कापड अनुक्रमे सव्वादोन आणि दोन मीटर घेतलं की थोडी चूक पोटात घालता येते. मग प्रत्येक संच आडवा साडेचार इंचांवर कापला की ९ तुकडे मिळतात. पहिल्या प्रकारचे ६० हवेत, ७ संचांतून ६३ निघतात. दुसऱ्या प्रकारचे ३० हवेत, ४ संचांतून ३६ निघतात. एक संच शिवायला दोन शिवणी, म्हणजे मोजकी मिनिटं. मुलाची हाक आली, फोन वाजला, तरी तेवढी शिवण संपवून उठता येतं.

यात एक गोष्ट हमखास बिघडते. लांब पट्ट्या सगळ्या एकाच टोकाकडून शिवल्या की संच धनुष्यासारखा वाकतो, कारण मशीन खालचं कापड वरच्यापेक्षा थोडं जास्त ओढतं. दुसरी शिवण पहिलीच्या उलट टोकाकडून सुरू करा. शिवलेले संच घडी घालून ठेवू नका, हँगरवर टांगा. घडीची मोड पडली की आडवा काप तिरका जातो.

ब्लॉक जोडताना माझ्या मते एकच पद्धत खोळंब्याला पुरून उरते, ती म्हणजे जाळं करणं. ३० ब्लॉक मांडून झाले की पहिल्या स्तंभावर दुसरा स्तंभ उलटा ठेवायचा आणि सहाही जोड्या दोरा न तोडता ओळीने शिवत जायच्या. मग त्याच साखळीला तिसरा स्तंभ, चौथा, पाचवा. ओळींमधले दोरे तसेच राहतात, त्यामुळे सगळा टॉप (गोधडीचा वरचा थर) एकमेकांत गुंतलेला असतो. कोणीही उचलून दुसऱ्या खोलीत नेला तरी ब्लॉकची जागा बदलत नाही. जाळं पुरं झालं की फक्त ५ लांब आडव्या शिवणी उरतात. मांडणीचा एक फोटो काढून ठेवाच, आणि फोटोत डावा-वरचा कोपरा कुठला ते कळावं म्हणून तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा.

प्रत्येक कामाबरोबर एक चिठ्ठी असावी, आणि ती मोबाइलमध्ये नको, कापडाच्याच डब्यात हवी. तिच्यावर एवढं लिहा: टाक्याची लांबी, सुईची जागा, मशीनच्या पायाचा प्रकार, दोऱ्याचा रंग आणि क्रमांक, तुकडे किती इंचांना कापायचे, कापड आधी धुतलं होतं की नाही, शिवण कुठल्या बाजूला दाबायची. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात आणि त्याच महागात पडतात. धुतलेलं आणि न धुतलेलं सुती कापड एकाच टॉपमध्ये आलं तर पहिल्या धुण्यात एक आक्रसतं, दुसरं नाही, आणि शिवणीपाशी चुण्या पडतात. दाबण्याची दिशा विसरली तर शेजारच्या ब्लॉकच्या शिवणी एकमेकींत बसत नाहीत. एकाच बाजूला दोन्ही जाड्या आल्या की चौकोनांचे कोपरे जुळणं नशिबावर जातं. चिठ्ठीत सगळ्यात खाली पुढची कृती एका ओळीत लिहावी: ‘फिका-गडद-फिका, तिसरा संच, दुसरी शिवण’. उठायच्या आधीचं हे एक मिनिट मी कधीही चुकवू देणार नाही.

महिन्याभराने परत बसलात तर थेट पुढचा ब्लॉक शिवायला घेऊ नका. मधल्या काळात मशीनवर पडदा नाहीतर गणवेश शिवला गेलेला असतो, पाय बदललेला असतो, सुई सरकवलेली असते. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून दाबा आणि मधली मोजा. ती बरोबर १ इंच भरली तर माया ठीक आहे. एक इंचापेक्षा कमी भरली तर माया जास्त जाते आहे. गोधडीत माया पाव इंचाला एक-दोन धागे कमीच धरतात, कारण शिवण उलटवून दाबताना घडीत थोडं कापड जातं. एका शिवणीत माया १/१६ इंचाने वाढली तर दोन्ही तुकड्यांची मिळून १/८ इंच रुंदी जाते. नाइन-पॅचमध्ये आडव्या दोन शिवणी असतात, म्हणजे ब्लॉक पाव इंचाने लहान. जुने ब्लॉक साडेबारा आणि नवे सव्वाबारा असले की ओळ जोडताना एक बाजू ताणावी लागते आणि टॉपला पोट येतं. सुईही तेव्हाच बदला. साध्या जोडणीला ८०/१२, तिन्ही थर शिवायला ९०/१४, आणि साधारण ८ तास शिवून झालं की नवी.

टॉप, बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर एकत्र टाचल्यानंतर मात्र घड्याळ चालू होतं. टाचलेली गोधडी हा सगळ्यात नाजूक टप्पा. सेफ्टी पिना साधारण ४-४ इंचांवर लावतात. दमट हवेत त्या महिनोन् महिने राहिल्या तर गंजाचे डाग पडतात, आणि विणीत भोकं राहतात ती वेगळीच. फवारायचा तात्पुरता गोंद दिवस गेले तसा सुटत जातो, थर सरकतात, आणि अस्तराला चुण्या पडलेल्या शिवून झाल्यावरच दिसतात. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत क्विल्टिंग (तिन्ही थर एकत्र शिवणं) संपेल याची खात्री नसेल तर दोऱ्याने टाचा: पांढरा सुती दोरा, दोन-दोन इंचांचे मोठे टाके, ओळींमध्ये ४ इंच. टाचायला वेळ लागतो, पण असं काम वर्षभर थांबलं तरी चालतं. खात्री नसेल तर आणखी एक मार्ग आहे. टॉप, बॅटिंग आणि अस्तर वेगवेगळे, गुंडाळून ठेवा आणि टाचूच नका.

आखणीची पेनंही याच कसोटीवर निवडावीत. हवेने उडणारी जांभळी शाई बहुधा एक-दोन दिवसांत जाते, दमट हवेत त्याहूनही लवकर. रात्री आखून सकाळी शिवणाऱ्यालाच ती उपयोगाची. पाण्याने जाणारी निळी शाई टिकते, पण तिच्यावर चुकून इस्त्री फिरली तर डाग पक्का होतो. म्हणून निळ्या आखणीचं काम इस्त्रीच्या ढिगाजवळ ठेवू नये, घरातलं दुसरं कोणी मदत म्हणून इस्त्री करून देईल. उष्णतेने जाणारी शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. खडूची रेघ हाताळताना पुसली जाते. सारखं उठावं लागत असेल तर रेघच नको: कागदी चिकटपट्टी लावा, तिच्या कडेने शिवा आणि लगेच काढा. पट्टी दिवसेंदिवस कापडावर राहिली तर चिकटपणा मागे राहतो.

मशीनवर क्विल्टिंग करताना उठायचं असेल तर रेघ संपवून उठा. ते शक्यच नसेल तर सुई कापडात खाली ठेवा, म्हणजे परत आल्यावर टाका तिथूनच निघतो. पण रात्रभर गोधडी मशीनखाली सोडू नये. पायाची खूण उमटते आणि लोंबणाऱ्या वजनाने सुई वाकते. मुक्त हाताने नक्षी काढणाऱ्यांनी प्रत्येक बैठकीआधी त्याच कापडाच्या आणि बॅटिंगच्या १०-१२ इंची तुकड्यावर पाच-दहा मिनिटं हात फिरवून घ्यावा. खंड पडला की हाताचा वेग आणि मशीनचा वेग यांचा मेळ तुटतो, आणि ते खऱ्या गोधडीवर कळण्यापेक्षा तुकड्यावर कळलेलं बरं. हाताने क्विल्टिंग करणाऱ्यांनी उठताना कापड ताणून धरणारी गोल चौकट काढून ठेवावी. कापड ताणलेलं राहिलं की गोल खूण पडते आणि ती सहज जात नाही.

दिवसातल्या कुठल्या वेळेला कुठलं काम, याबाबत माझं मत ठाम आहे. कापणी थकलेल्या अंगाने करू नये. कामावरून आल्यावर, जेवणं आवरल्यावर, रात्री दहाला रोटरी कटर (गोल पात्याची सुरी) हातात घेतला की साडेचारच्या जागी सव्वाचार कापलं जातं, आणि उसवलेली शिवण परत शिवता येते, पण कापलेलं कापड वाढवता येत नाही. बोटालाही धोका तेव्हाच जास्त. कापणी सुट्टीच्या सकाळी, उजेडात, उभं राहून, कंबरेइतक्या उंचीच्या टेबलावर करावी. रात्रीसाठी छाटणी केलेल्या तुकड्यांची साखळी-शिवण (दोरा न तोडता एकामागून एक शिवत जाणं) ठेवा, किंवा हातकाम. मशीनचा आवाज झोपलेल्यांना होत असेल तर खाली जाड नमदा घातला की टेबलातून जाणारी घरघर बरीच कमी होते.

जागा सगळ्यांची असते. जेवणाच्या टेबलावर मांडलेला ब्लॉक दिवसातून तीन वेळा उचलावा लागतो, म्हणून मांडणी टेबलावर करूच नये. १४ इंच लांब-रुंद जाड पुठ्ठ्यावर फ्लॅनेल चिकटवून पाट्या करा. सुती तुकडे फ्लॅनेलला धरून राहतात, पाटी उचलली की अख्खा ब्लॉक उचलला जातो, आणि पाच-सहा पाट्या एकावर एक रचता येतात. लहान मुलं असतील तर कटरचं पातं प्रत्येक कापानंतर बंद करायची सवय लावून घ्या, ‘उठताना करू’ असं नको, कारण हाक आली की माणूस तसंच उठतं. टाचण्या मोजून काढा, मोजून परत ठेवा. इस्त्री बंद केल्याशिवाय खोली सोडू नका. सहा-सात वर्षांच्या मुलांना रंग मांडायला, पाट्या रचायला, जोडून झालेल्या ब्लॉकचे कागद फाडून काढायला मनापासून आवडतं. ते काम त्यांना खरोखर द्या आणि त्यांनी मांडलेलं बदलू नका. आणि घरच्यांना ‘मला जरा वेळ द्या’ असं सांगण्यापेक्षा ‘साडेचार ते सव्वापाच मी मशीनवर आहे’ असं सांगितलेलं पाळलं जातं.

प्रवास, दवाखान्यातलं बसणं, मुलांच्या क्लासबाहेरची वाट यांसाठी एक वेगळं हातकाम कायम तयार असावं. माझी शिफारस कागदी साच्यांवरच्या षटकोनांची. ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहातल्या अशाच पद्धतीने केलेल्या रेशमी आच्छादनावर १७१८ हे साल शिवलेलं आहे. १ इंच बाजूच्या षटकोनाला अडीच इंचांचा कापडी चौकोन पुरतो. कापड कागदावर दुमडून कोपऱ्यांशी टाचायचं, मग दोन षटकोन सुलट बाजू आत करून कडेने बारीक टाके घालत जोडायचे. मध्ये एक आणि भोवती सहा अशा फुलाला १२ छोट्या शिवणी लागतात. टाका कागदात घुसवू नका, फक्त घडीचे दोन-तीन धागे उचला, नाहीतर कागद निघणार नाही. डब्यात दोन सुया, दोरा, छोटी कात्री, क्लिपा आणि दहा फुलांचे कापलेले तुकडे. डबा रिकामा झाला की त्याच दिवशी भरा. ऐन वेळी घर सोडावं लागतं तेव्हा तुकडे कापत बसायला उसंत नसते.

मोठी आपत्ती आली, कोणाचं दीर्घ आजारपण, घर बदलणं, नोकरी जाणं, तर मशीनकडे महिनोन् महिने फिरकणंच होत नाही. तेव्हा काम नीट मिटवून ठेवायला एक संध्याकाळ काढता आली तर काढा. स्टार्च केलेलं कापड असेल तर ते धुऊन ठेवा, कारण स्टार्चवर कसर लागते. प्लास्टिकच्या बंद पिशवीऐवजी सुती कापडात गुंडाळा. टॉप घडी न घालता नळीवर गुंडाळा. नळी नसेल तर घड्या दर दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या जागी घाला. अस्तर आणि बाइंडिंगचं (कडेच्या पट्टीचं) कापड आधीच घेतलेलं असावं, ते त्याच गठ्ठ्यात ठेवा. तोच छाप पुन्हा मिळाला तरी रंगाची छटा वेगळी निघते. वरच्या ६० बाय ७२ च्या गोधडीला चारी बाजूंनी ४ इंच जास्तीचं धरून अस्तर ६८ बाय ८० लागतं. ६८ इंचांचे दोन तुकडे आडवे जोडले की भागतं, म्हणजे साडेतीन मीटर. बाइंडिंगला अडीच इंचांच्या ७ पट्ट्या काठोकाठ पुरतात, ८ कापा.

आणि काही कामं सोडून द्यावीत. कपाटातली जुनी पिशवी उघडल्यावर रंग आता डोळ्यांना नको वाटत असतील, तर ३० ब्लॉक पूर्ण करण्याची सक्ती स्वतःवर करू नका. ६ ब्लॉक झाले असतील तर २ बाय ३ मांडले की २४ बाय ३६ इंचांचं बाळाचं दुपटं होतं, ४ असतील तर २४ इंची उशीचा अभ्रा. फक्त जुळवाजुळव करण्याआधी त्या ब्लॉकची मापं घ्या. वेगवेगळ्या काळात शिवलेले असतील तर सगळे त्यांच्यातल्या सगळ्यात लहान ब्लॉकच्या मापावर छाटून मगच जोडा.